ढगांच्या वरचा मुलूख

१. एक रास्त शंका

पावसाळ्याच्या दिवसांत विमानप्रवास केलेल्या पुष्कळ लोकांच्या मनात एक शंका येऊन गेलेली असते. विमान ढगांतून धक्के खात वर चढते आणि थोड्याच वेळात अशा उंचीवर येते की जेथे पाऊस नाही, वीज नाही, गडगडाट नाही. ढगांचे पांढरे पठार पायाखाली पसरलेले आणि माथ्यावर निर्मळ, गडद निळे आकाश. ज्याला आपण हवामान म्हणून ओळखतो ते सारे जर खालीच घडत असेल, तर त्याच्या वरच्या त्या विरळ, कोरड्या आणि निर्मेघ हवेचा आपल्या थंडीशी, उन्हाशी वा पावसाशी संबंध तो काय असावयाचा?

ही शंका रास्त आहे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक हवामानशास्त्रज्ञांचेही मत असेच होते, की खालची हवा वरच्या हवेला हालवते, परंतु वरची हवा खालच्या कारभारात दखल देत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत हे मत हळूहळू बदलले. वरचा थर खालच्या हवामानाचा धनी नव्हे, हे आजही खरे आहे. पण खालून वर गेलेली हालचाल तो आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने धरून ठेवतो आणि मग खालच्या हवेला परत देतो, आणि माझ्या मते त्याचे सारे महत्त्व या धरून ठेवण्यात आहे. ते कसे घडते, हे समजावून घेण्यासाठी प्रथम त्या मुलखाची रचना पाहिली पाहिजे.

२. जेथे थंडी वाढावयाची थांबते

उंच चढत गेले म्हणजे हवा गार होत जाते, हे महाबळेश्वरास गेलेल्या कोणासही सांगावयास नको; दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस या हिशेबाने तापमान उतरते. ही उतरण वर अखेरपर्यंत अशीच चालू राहत असली पाहिजे, अशी एकोणिसाव्या शतकातील समजूत होती. पॅरिसजवळील त्राप या गावी स्वतःची वेधशाळा उभारणारे लेआँ तेसेराँ द बोर यांनी हायड्रोजनने भरलेल्या फुग्यांना तापमापक बांधून ते आकाशात सोडण्यास आरंभ केला, तेव्हा सुमारे अकरा किलोमीटरच्या पुढे तापमान उतरेनासे होते, असे त्यांना वारंवार आढळू लागले. उन्हाने यंत्र तापून खोटी नोंद तर होत नाही ना, या संशयाने त्यांनी कित्येक फुगे मुद्दाम रात्री सोडले. आणि दोनशेहून अधिक उड्डाणांचा दाखला पदरी पडल्यावरच, १९०२ च्या एप्रिलमध्ये, आपला निष्कर्ष फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला. बर्लिनचे रिखार्ड आसमान यांनीही अवघ्या काही दिवसांच्या अंतराने हाच शोध स्वतंत्रपणे जाहीर केला.

ढग, पाऊस आणि वादळे यांच्या खालच्या थराला तपांबर म्हणतात, त्याच्या वरच्या थराला स्थितांबर, आणि या दोहोंमधील सरहद्दीला तपस्तब्धी. ही सरहद्द सर्वत्र सारख्या उंचीवर नसते: ध्रुवांकडे ती आठ-नऊ किलोमीटरवर, तर विषुववृत्तीय प्रदेशात सोळा-सतरा किलोमीटरवर असते. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. या उंचीवरील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर न आढळता विषुववृत्तावर आढळते, आणि तेथे तापमान शून्याखाली ऐंशी अंशांच्या आसपास उतरते. भारतीय हवामान खात्यात काम करणारे के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये उत्तर गोलार्धातील निरीक्षणे एकत्र करून ही गोष्ट स्पष्टपणे दाखविली.

स्थितांबरात वर जावे तसतशी हवा उष्ण होत जाते, आणि पन्नास किलोमीटरच्या सुमारास तापमान शून्य अंशाजवळ येते. याचे कारण ओझोन. ओझोन सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेतो, आणि त्या किरणांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत उतरते. आता, थंड हवा तळाशी आणि उष्ण हवा माथ्याशी अशी मांडणी असली म्हणजे वर-खाली उलथापालथ होण्यास कारणच उरत नाही. जड हवा खालीच राहते आणि हलकी वरच. म्हणून स्थितांबरात ढगांचे मनोरे उभे राहत नाहीत, पाऊस पडत नाही, आणि तेथे पोहोचलेली वस्तू लवकर खाली येत नाही. ही शेवटची गोष्ट पुढे कामास येणार आहे.

तपस्तब्धीच्या वर एकंदर हवा किती असते, असे कोणी विचारील. आपल्या अक्षांशावर वातावरणाच्या एकूण वजनाचा सुमारे दशांश, ध्रुवांकडे पाव हिश्शाहून थोडी अधिक. एवढ्याशा हवेने खालच्या नऊ-दशांश हवेवर परिणाम करावा, हेच खरे कोडे आहे.

३. बर्लिनच्या आकाशातील उष्मा

हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर काही महिने सूर्य उगवत नाही. उन्हाअभावी तेथील स्थितांबर उत्तरोत्तर थंड होत जाते, दक्षिणेकडील उन्हाच्या प्रदेशातील हवा त्या मानाने उष्ण राहते, आणि तापमानातील या तफावतीमुळे ध्रुवाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचे एक प्रचंड वर्तुळ तयार होते. त्याला ध्रुवीय आवर्त म्हणतात. तीस किलोमीटर उंचीवर त्यातील वारे कित्येकदा ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेगाने वाहतात.

१९५२ च्या हिवाळ्याच्या उत्तरार्धात बर्लिन येथे रिखार्ड शेरहाग आणि त्यांचे सहकारी फुग्यांतून मिळणाऱ्या नोंदी पाहत असता, तीस किलोमीटरच्या सुमारास तापमान काही थोड्या दिवसांत तीस-चाळीस अंशांनी चढल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. भर हिवाळ्यात, जेथे सूर्याचे ऊन फारसे पोहोचत नाही अशा आकाशात एवढी उष्णता आली कोठून? सूर्यावरील एखाद्या स्फोटाकडे तिचा उगम असेल, अशीही त्या काळी एक कल्पना होती. उत्तर निघाले ते मात्र जमिनीकडून.

उष्णतेचा हिशेब तसा सोपा आहे. कोरडी हवा खाली उतरली म्हणजे तिच्यावरचा दाब वाढतो, ती आकसते आणि दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. तेव्हा ध्रुवावरील हवा जर काही दिवसांत चार किलोमीटर खाली आली, तर बाहेरून कोणतीही उष्णता न मिळता तिचे तापमान चाळीस अंशांनी चढेल. प्रश्न उरतो तो एवढाच, की इतकी हवा एकाएकी खाली का उतरावी.

याचे समाधानकारक विवेचन जपानी शास्त्रज्ञ तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये केले. हिमालय, तिबेटचे पठार आणि अमेरिकेतील रॉकी पर्वत यांना अडून, तसेच थंड खंड आणि त्या मानाने उबदार महासागर यांच्या तफावतीमुळे, पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहात हजारो किलोमीटर लांबीचे हेलकावे उठतात. त्यांना ग्रहीय तरंग म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर खोल पाण्यात जेमतेम जाणवणारी लाट उथळ पाण्यात येता येता उंच होते आणि शेवटी फुटते; हे तरंगही विरळ हवेत वर चढता चढता तसेच वाढतात आणि फुटतात. ते वाढतात किती, याचा अंदाज करता येतो. तीस किलोमीटरवर हवेची घनता जमिनीजवळच्या घनतेच्या सुमारे एक-सत्तरांश असते; तरंगाची ऊर्जा वाटेत खर्च झाली नाही असे धरल्यास, घनता गुणिले वेगाचा वर्ग ही राशी कायम राहिली पाहिजे, म्हणजे हेलकाव्याचा वेग सत्तरच्या वर्गमुळाइतका, सुमारे आठपट, वाढला पाहिजे. खाली सेकंदाला दोन मीटरचा असलेला हेलकावा वर सोळा मीटरचा होतो.

असा तरंग फुटला की तो पश्चिमी वाऱ्याला विरोध करतो. वाऱ्याचा वेग घटला म्हणजे हवेचे फिरणे मंदावते आणि ती ध्रुवाकडे सरकू लागते. ध्रुवावर तिला साठावयास जागा नसते, म्हणून ती खाली उतरते. आणि उतरली की तापते. तरंगांचा मारा पुरेसा जोरकस व दीर्घकाळ असला तर आवर्त एका बाजूला ढकलले जाते किंवा दुभंगून त्याचे दोन तुकडे होतात, आणि पश्चिमेकडून वाहणारे वारे पूर्वेकडून वाहू लागतात. उत्तर गोलार्धात ही घटना दर दहा हिवाळ्यांत सरासरी सहा वेळा घडते. दक्षिण गोलार्धात मोठे पर्वत आणि खंड थोडे, त्यामुळे तरंग दुबळे. तेथे वारे पूर्णपणे उलटण्याची मोठी घटना आजवर एकदाच, २००२ च्या सप्टेंबरमध्ये, नोंदली गेली आहे. उन्हाळ्यात हे प्रकार होतच नाहीत, कारण त्या ऋतूत स्थितांबरातील वारे पूर्वेकडून वाहतात आणि पूर्वेच्या वाऱ्यांतून हे तरंग वर चढू शकत नाहीत. जूल चार्नी आणि फिलिप ड्रेझिन यांनी १९६१ मध्ये ही गोष्ट गणिताने दाखवून दिली होती.

४. वरची घटना खाली कशी पोहोचते

इथवरची हकिकत खालून वर जाण्याची झाली. १९९९ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये मार्क बाल्डविन आणि टिमथी डंकरटन यांनी अनेक हिवाळ्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा असे दिसून आले की, आवर्त मोडल्याचा परिणाम तीस किलोमीटरवरून हळूहळू खाली सरकतो, एक-दोन आठवड्यांत तपस्तब्धीपर्यंत येतो, आणि त्यानंतर सुमारे दोन महिने जमिनीवरील वाऱ्यांचा व दाबाचा कल बदललेला राहतो. माझ्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाचा शोध हाच. हवामानाचा दिवसवार अंदाज दहा-बारा दिवसांपलीकडे विश्वसनीय राहत नाही. त्या मुदतीपलीकडे पाहण्यास येथे एक आधार मिळाला.

परिणाम इतका काळ टिकतो, कारण दहा ते पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यातील हवा आपली उष्णता फार सावकाश बाहेर टाकते. तेथे एकदा झालेला बदल विरून जावयास कित्येक आठवडे लागतात. तेवढा काळ ध्रुवावरील हवेचा दाब नेहमीपेक्षा अधिक राहतो आणि ध्रुव व मध्य अक्षांश यांमधील दाबाची तफावत घटते. तपस्तब्धीलगतचा झोतवारा, म्हणजे ज्याच्या वाटेने युरोप-अमेरिकेची वादळे प्रवास करतात तो अतिवेगवान प्रवाह, विषुववृत्ताच्या दिशेने सरकतो. वादळांची वाट बदलली म्हणजे ती वादळेच झोतवाऱ्याला नव्या जागी टिकवून धरतात. येथेच कोड्याचे उत्तर मिळते. वरच्या विरळ हवेला खालच्या जड हवेला बळाने ढकलावे लागत नाही. ती दिशा थोडीशी वळवते, आणि पुढचे काम तपांबर आपल्याच शक्तीने पार पाडते.

२०१८ चा हिवाळा हा याचा ठळक दाखला आहे. १२ फेब्रुवारीस उत्तर ध्रुवावरील तीस किलोमीटर उंचीचे वारे उलटले आणि आवर्त दुभंगले. महिनाअखेरीस सायबेरियाकडील गोठलेली हवा पूर्वेकडून युरोपवर पसरली. २६ फेब्रुवारीस रोम शहरात बर्फ पडले, आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या आरंभी हिमवादळाने रस्ते व रेल्वे बंद पडून कित्येक प्रवासी रात्रभर अडकून राहिले. त्याच दिवसांत ग्रीनलंडच्या उत्तर टोकास, केप मॉरिस जेसप येथे, ध्रुवीय रात्र संपते न संपते तोच तापमान शून्याच्या वर गेले. स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत मात्र दीर्घ अवर्षणानंतर मार्चमध्ये विपुल पाऊस झाला, कारण वादळांची वाट दक्षिणेस सरकून त्यांच्यावर आली होती. एकाच घटनेने कोठे माणसे गारठली आणि कोठे शेतकऱ्याची चिंता मिटली.

तथापि आवर्त मोडले म्हणजे थंडीची लाट आलीच, असे मानणे चुकीचे होईल. अशा दर तीन घटनांपैकी साधारण दोनच घटनांचा परिणाम जमिनीपर्यंत स्पष्टपणे पोहोचतो, आणि पोहोचला तरी तो थंडीची शक्यता वाढवतो, तिची तारीख ठरवून देत नाही. वर्तमानपत्रांत ‘ध्रुवीय आवर्ता’च्या नावाने प्रत्येक गारठ्याचा जो डंका पिटला जातो, त्यात हा विवेक राखलेला क्वचितच दिसतो.

५. विषुववृत्तावरील वाऱ्यांचे आवर्तन

२७ ऑगस्ट १८८३ रोजी सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाटोआ ज्वालामुखीचा महास्फोट झाला. त्याची धूळ विषुववृत्ताच्या आसपास पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरत गेली आणि सुमारे तेरा दिवसांत तिने पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. चाळीस हजार किलोमीटरना तेरा दिवसांनी भागले तर दिवसाला तीन हजार, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर वेग निघतो. यावरून त्या उंचीवर सदैव पूर्वेचे जोरदार वारे वाहतात असे ठरले. पुढे १९०८ मध्ये आर्थर बेर्सोन यांनी पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात फुगे सोडले, तो त्यांना तेथे चक्क पश्चिमेचे वारे आढळले! दोन्ही निरीक्षणे प्रामाणिक होती, आणि त्यांचा मेळ बसावयास निम्मे शतक जावे लागले.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड रीड आणि ब्रिटनमध्ये रॉबर्ट एब्डन यांनी पॅसिफिक महासागरातील बेटांवरील नोंदी तपासून दाखविले की, विषुववृत्तावरील स्थितांबरात वारे सुमारे चौदा महिने पूर्वेचे आणि सुमारे चौदा महिने पश्चिमेचे असतात, आणि प्रत्येक पालट वर सुरू होऊन महिन्याला अंदाजे एक किलोमीटर या संथ गतीने खाली उतरतो. ज्या हवेत ऋतू, उन्हाळा-हिवाळा सारे बारा महिन्यांच्या हिशेबाने चालते, तिच्यात हे अठ्ठावीस महिन्यांचे आवर्तन कोठून आले? रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स होल्टन यांनी १९६८ मध्ये याचे उत्तर दिले. उष्ण कटिबंधातील गडगडाटी ढगांतून नाना दिशांचे तरंग वर जातात. ज्या दिशेचा वारा वर वाहत असेल त्याच दिशेचे तरंग त्याच्या तळाशी शोषले जातात आणि त्या वाऱ्याचा पट्टा खाली ओढला जातो, तर उलट दिशेचे तरंग निर्वेध वर जाऊन तेथे उलट वारा उभा करतात. हे इतके अजब वाटे, की १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन प्लम्ब आणि ए. डी. मॅक्इवन यांनी गोल टाकीत घनतेचे थर असलेले खारे पाणी भरून तिच्या तळाचा पडदा केवळ वर-खाली हालवला, आणि पाण्याचा प्रवाह आपोआप काही काळाने एका दिशेचा, काही काळाने दुसऱ्या दिशेचा होतो, हे डोळ्यांनी दाखविले.

या वाऱ्यांचा परिणाम दूरवर होतो. विषुववृत्तावर पूर्वेचे वारे असतात त्या हिवाळ्यांत ध्रुवीय आवर्त सरासरीने दुबळे असते, असे होल्टन आणि टॅन यांनी १९८० मध्ये दाखविले. हा नियमितपणा मात्र अबाधित नाही: २०१६ च्या आरंभी पश्चिमेच्या वाऱ्यांच्या पट्ट्यात मध्येच पूर्वेचा वारा शिरला आणि आवर्तनाचा क्रम बिघडला, जी गोष्ट त्यापूर्वीच्या साठ-पासष्ट वर्षांच्या नोंदींत कधीही घडली नव्हती.

६. ओझोनचे विवर, धूळ आणि कर्बवायू

१९८५ मध्ये ब्रिटनच्या फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या तिघांनी अंटार्क्टिकातील हॅली बे ठाण्यावरील नोंदींवरून वसंत ऋतूत तेथील ओझोन झपाट्याने घटत असल्याचे जाहीर केले, आणि दोनच वर्षांत मॉन्ट्रिअल करार झाला. ओझोन घटला म्हणजे जंबुपार किरण जमिनीपर्यंत येतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याने वारेही सरकतात, हे फारसे कोणास ठाऊक नसते. ओझोन नाही तर ऊन शोषले जात नाही, म्हणून वसंतात दक्षिण ध्रुवावरील स्थितांबर थंडच राहते, आवर्त अधिक काळ टिकते, आणि त्याच्या परिणामाने उन्हाळ्यात दक्षिण महासागरावरील पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा ध्रुवाकडे सरकतो. डेव्हिड थॉम्पसन आणि सुझन सॉलोमन यांनी २००२ मध्ये हा संबंध उलगडून दाखविला. ओझोनचा नाश थांबू लागल्यापासून, म्हणजे या शतकाच्या आरंभापासून, हे सरकणेही थबकलेले दिसते. माणसांनी एकत्र येऊन केलेल्या कराराचा परिणाम वाऱ्यांच्या दिशेत वाचता यावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

ज्वालामुखींविषयी थोडक्यात सांगता येईल. १५ जून १९९१ रोजी फिलिपाइन्समधील पिनाटुबोने सुमारे दीड-दोन कोटी टन गंधक डायऑक्साइड स्थितांबरात सोडला. तपांबरात तो पावसाने धुऊन गेला असता. वर पाऊस नसल्यामुळे त्यापासून झालेले गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब वर्ष-दोन वर्षे तरंगत राहिले, ऊन परतवत राहिले, आणि पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

कर्बवायूची गोष्ट याहून निराळी आहे. तो वाढला म्हणजे जमिनीजवळची हवा तापते, पण स्थितांबर थंड होते; कारण तेथील विरळ हवेत हाच वायू उष्णता अवकाशात टाकण्याचे काम करतो. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच हे गणिताने वर्तविले होते, आणि पुढे फुग्यांनी व उपग्रहांनी ते खरे ठरविले. पृथ्वीची तापमानवाढ सूर्य प्रखर झाल्यामुळे असती तर दोन्ही थर तापले असते. खालचा तापतो आणि वरचा निवतो, हा पुरावा कोणत्याही निःपक्षपाती माणसास पुरेसा वाटावा.

७. आपल्या मोसमी पावसाशी संबंध किती

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात आता साहजिकच प्रश्न येईल की, याचा आपल्या पावसाशी काय संबंध. या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने पुण्यातच झालेला आहे. तेथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. के. मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये विषुववृत्तीय स्थितांबरातील वाऱ्यांचा आणि भारतातील मोसमी पावसाचा ताळा घेतला, तेव्हा जोरदार पूर्वेच्या वाऱ्यांच्या वर्षी पाऊस दुबळा असण्याकडे कल आढळला. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांवर आधारलेले पूर्वानुमानाचे जे प्रसिद्ध प्रतिमान हवामान खात्याने स्वीकारले, त्यातील दोन घटक स्थितांबरातील हिवाळी वाऱ्यांचे होते: एक सुमारे वीस किलोमीटरवरचा आणि दुसरा सुमारे तीस किलोमीटरवरचा. हिवाळ्यात तीस किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या वाऱ्याची नोंद मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या पेरणीच्या बेतापर्यंत यावी, ही तजवीज धाडसाची होती, आणि काही वर्षे ती यशस्वीही ठरली. २००२ मध्ये मात्र पाऊस सरासरी होईल असा अंदाज असता तो एकोणीस टक्क्यांनी घटला, जुलै महिना निम्मा कोरडा गेला, आणि पुढील वर्षी ते प्रतिमान बदलण्यात आले.

त्यात स्थितांबराचा दोष होता, असे म्हणता येणार नाही. मोसमी पावसावर पॅसिफिक आणि हिंदी महासागरांच्या तापमानाचा अंमल इतका प्रबळ आहे की, त्यापुढे वरच्या वाऱ्यांचा वाटा लहान दिसतो, आणि संख्याशास्त्रीय संबंध एका कालखंडात जुळला तरी दुसऱ्यात ढिला पडू शकतो. उष्ण कटिबंधातील मेघसमूहांची महिना-दीड महिन्याच्या आवर्तनाने पूर्वेकडे सरकणारी जी मालिका आहे, ती विषुववृत्तीय स्थितांबरात पूर्वेचे वारे असताना अधिक जोमदार असते, असे अलीकडे आढळले आहे. परंतु हा संबंध उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यापुरताच स्पष्ट दिसतो, पावसाळ्यात नव्हे.

उलट दिशेचा व्यवहार मात्र निश्चित आहे. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या मेघांचे मनोरे सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत पोहोचतात आणि जमिनीवरील धूर, धूलिकण व वायू तपस्तब्धीपर्यंत उचलून नेतात. तेथे तिबेटच्या माथ्यावर पसरलेले एक विशाल प्रत्यावर्त, म्हणजे उच्च दाबाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांचे चक्र, त्यांना आठवडेच्या आठवडे कोंडून धरते. अशा सूक्ष्म कणांचा थर दक्षिण आशियावर तेरा ते अठरा किलोमीटरच्या दरम्यान दर पावसाळ्यात तयार होतो, हे २०११ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून प्रथम दिसून आले. पुढे काही वर्षांनी हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुगे-केंद्रातून भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी भर पावसाळ्यात फुगे सोडून ते कण गोळा केले. त्यांत नायट्रेटचे प्रमाण लक्षणीय आढळते, आणि ते मोठ्या अंशी गंगेच्या मैदानातील शेते, गोठे, गाड्या आणि कारखाने यांतून वर गेलेल्या वायूंपासून बनते.